कुसुमताईंनी केलेला नवस

शिवराजला केस उगवण्याच्या या उपचारात फायदा दिसत होता तो असा: कपाळापासून टाळूपर्यंतची तळहाताएवढी मोकळी जागा भरली, तर लग्नाच्या साइटवर टोपीशिवाय फोटो टाकता येईल आणि ऑफिसातल्या पोरांना चेष्टेला दुसरं डोकं शोधावं लागेल. शिवाय रक्त स्वतःचंच, यंत्रात फिरवून परत आपल्याच टाळूत. भांडवल घरातल्या घरात.

महिन्याला एकदा असं तीन वेळा तो हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या दवाखान्यात गेला. नळीभर रक्त काढायचं, ते गरगर फिरवायचं, वर येणारा पिवळसर भाग सुईनं डोक्यात टोचायचा. डॉक्टरीणबाई सरळ होत्या. "मुळं जिवंत असतील तिथंच येतील. तकतकीत जागेची खात्री नाही." शिवराजची जागा चांगलीच तकतकीत होती.

तिसऱ्या खेपेला तो सुजलेलं कपाळ घेऊन घरी आला. आईनं रोजचाच प्रश्न विचारला, "येतायत का रे काही?"

"हौ आई, येतायत थोडे थोडे," तो म्हणाला. विषय मिटवायला.

कुसुमताईंनी हात जोडले. "मग शनिवारी तिरुपतीला जाऊ. मी बालाजीला बोलले होते, याचे आले की माझे देईन."

अठ्ठावन्नाव्या वर्षी कुसुमताईंची वेणी कमरेखाली पोचत होती. गौलीगुड्यात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. तिच्या नवऱ्याच्या, हिम्मतरावांच्या, हातातला पेपर खाली आला.

"गुंडू करणार? पूर्ण डोकं भादरणार? मी जिवंत असताना?"

"शेजारच्या यादम्मानं दोनदा केलं. तिचा नवरा ठणठणीत आहे."

"ती तेलुगू. आपल्यात सवाष्णीच्या डोक्याला वस्तरा लागतो का कधी? परभणीला भाचीच्या लग्नात काय तोंड दाखवू?"

"तर नका दाखवू."

"अगं, मग तीन कात्र्या दे, तीन बटा कापून. बायकांचं तेवढ्यावर भागतं म्हणे."

"बालाजीनं पोराला काय तीनच केस दिले?"

आता शिवराज मध्ये पडला. "आई, मी खोटं बोललो. एकही आलेला नाही."

"माझे वाचवायला बघतोयस."

"तुझी शपथ!" तो ट्यूबलाइटखाली डोकं वाकवून बसला. तिनं बोटं फिरवली. "आणि हे काय? कोवळे कोवळे लागतायत की." त्या सुयांच्या खपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. "सध्या तरी फरक दिसत नाही, मावशी. तीन महिन्यांनी बघू."

जिना उतरताना कुसुमताई म्हणाल्या, "बघ, येणारच नाहीत असं म्हणाल्या का त्या?"

यानंतर तो जितकं नाही म्हणे, तितका तिच्या लेखी तो गुणी मुलगा ठरत गेला.

शनिवारी तिरुमलाच्या केशदानाच्या हॉलमध्ये न्हावीणबाईनं तिचं डोकं भिजवलं. हिम्मतराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. शिवराज शेवटचं म्हणाला, "आई, खरंच नाहीत गं." तिनं मान खाली घातली होती, तशीच हसली. वेणी पडली तेव्हा आवाज फारसा झाला नाही. पदर डोक्यावर ओढायला तिला दोनदा हात न्यावा लागला, पहिल्यांदा तो घसरला.

एकूण झालं ते असं. शिवराजनं तीन नळ्या रक्त दिलं आणि त्याचं काही उगवलं नाही. हिम्मतरावांनी परभणीतलं भाचीचं लग्न सोडलं. पूर्ण किंमत मोजली ती कुसुमताईंनी, तीही जे मिळालंच नव्हतं त्याची.