ओल्या टॉवेलांखालचा सरळ दांडा

मित्रांनो, व्यायामशाळेच्या मागच्या अंगणात ज्याच्यावर ओले टॉवेल वाळताहेत, तो जुना दांडा म्हणजे मी. हसू नका! मी वजन उचलण्याचा अस्सल पोलादी दांडा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा इतका सरळ होतो, की मला मोजायला आणलेली पट्टी लाजून स्वतःच वाकली. खोटं वाटत असेल तर त्या पट्टीला विचारा.

बंबवाला माझा जिवलग. आग विझवण्याची नोकरी, हात खांबासारखे. दोन्ही तळवे स्वतःकडे करून, अंगठ्यावर बोटं आवळून तो मला धरायचा. दुसऱ्या कुणी मला आपटलं तर खेकसायचा, "हळू! भाऊ आहे तो माझा!"

एकदा त्याचा मेहुणा आला. म्हणाला, "एवढंच होय, दाजी? आमची ताई भरलेला सिलिंडर याहून झोकात उचलते!"

झालं! बंबवाल्याने माझ्या दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या वाढवल्या. मला जमिनीवरून उचलताना बोटं निसटायला लागली, तसा त्याने डावा तळवा उलटा, बाहेरच्या बाजूला फिरवला. व्यायामशाळेचे वस्ताद ओरडले, "अरे, पकड सुटू नये म्हणून मनगटाला पट्टे बांध! निदान कोपर तरी सरळ ठेव!"

पण मेहुण्यासमोर पट्टे? नाक कापलं गेलं असतं! त्याने कोपर वाकवून हिसका दिला.

टप्!

दंडाचा स्नायू कोपराशी बांधणारी दोरीच तुटली. डाव्या हाताची बेटकुळी खांद्याकडे पळाली. मी धाडकन खाली पडलो. बंबवाला कण्हत म्हणाला, "दांडाच वाकडा आहे मेला!"

माझा भाऊ! इतक्या वर्षांच्या वजनांनी मी वाकलो नव्हतो. त्या एका वाक्याने कंबर मोडली. सरळ दांडा फरशीवर ढकलला की न डगमगता घरंगळत जातो. एवढी साधी परीक्षा, पण कुणी घेतली नाही. लाडक्या शिष्यापुढे वस्तादही गप्प बसले. माझी रवानगी अंगणातल्या खुंट्यांवर झाली.

शस्त्रक्रियेनंतर बंबवाला नव्या मुलांना शिकवू लागला, "दोन्ही तळवे आपल्याकडे. जड झालं तर पट्टे. कोपर वाकवायचं नाही." माझं नाव मात्र त्याने काढलं नाही.

परवा त्याने टॉवेल ओढला आणि मी खाली पडलो. फरशीवरून घरंगळत, सरळ, अगदी सरळ, त्याच्या पायाशी गेलो. त्याने पाहिलं. ओळखीचा हात क्षणभर माझ्यावर थांबला. मग कुणी बघत नाही ना, याची खात्री करून त्याने मला पुन्हा खुंट्यांवर ठेवलं, आणि वर ओला टॉवेल टाकला.

मित्रांनो, वजन झेपेना तर खुशाल खाली ठेवा. पण आपली चूक मित्राच्या गळ्यात घालू नका. टॉवेल दुपारपर्यंत वाळतात. गंज मला चढतो.