एक डिश फेकायची होती

अक्षयाचं डोकं सकाळीच फिरलं. लॅबमधल्या तिच्या पेशींच्या डिशेसची जंतुतपासणी पॉझिटिव्ह आली होती. मायकोप्लाझ्मा! साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही मेला, आणि एकदा पेशींत शिरला की त्यांचं वाटोळं करूनच थांबतो.

आणि त्या काही साध्यासुध्या पेशी नव्हत्या. वॉटफर्डच्या अरुणाताईंची आठ वर्षांची दिया; तिच्या डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत चाललाय. तिच्या दंडाची इवलीशी कातडी घेऊन ब्रिस्टलच्या या लॅबमध्ये अक्षयानं स्टेम सेल बनवल्या होत्या. त्यांचाच पडदा वाढवायचा आणि औषध आधी त्याच्यावर लावून बघायचं. मूळ कातडीच्या पेशी संपल्या होत्या, नव्या अजून फ्रीझरमध्ये साठवण्याइतक्या वाढल्या नव्हत्या. जे काही होतं ते या डिशेसमध्येच.

स्टेम सेलना रोज खाऊ, म्हणजे ताजा मीडिया, घालावा लागतो, शनिवार-रविवारसुद्धा. मागच्या महिन्यात अक्षया मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला लेस्टरला गेली, तेव्हा ते काम शेजारच्या बेंचवरच्या परीक्षितनं घेतलं होतं. पुण्याचा गडी. "अगं जा बिनधास्त, मी आहे ना!"

"परीक्षित, त्या वीकेंडला काय झालं होतं?"

"काही नाही गं. एका डिशचा मीडिया जरा गढूळ वाटला. म्हणून सगळ्याच डिशेसना अँटिबायोटिक घातलं. दुसऱ्या दिवशी एकदम क्लिअर!"

घ्या! अरे शहाण्या, घाण पहिल्याच दिवशी दिसावी म्हणून तर इथे अँटिबायोटिक घालत नाहीत. राखणीला कुत्रं ठेवायचं आणि त्याचंच तोंड बांधायचं, तसलं काम केलं यानं. साधे जंतू मेले, मीडिया नितळ झाला. त्याच डिशमध्ये लपलेला, त्या औषधाला न जुमानणारा मायकोप्लाझ्मा मात्र सगळीकडे पसरला.

"एक डिश फेकायची होती रे! मला फोन का नाही केलास?"

"तुझा कार्यक्रम कशाला बिघडवायचा म्हणून..."

"कार्यक्रम गेला खड्ड्यात!"

परीक्षितनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "हे बघ, अजून कुणाला माहीत नाही. मायकोप्लाझ्मावर ट्रीटमेंट असते. देऊन बघू. आपापसात मिटवू ना, आपलीच माणसं आपण."

अक्षयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि दिया कोण, परकी? असल्या आजारी पेशींनी दिलेल्या उत्तरावर तिच्या डोळ्यांत औषध घालणार तू? लाज वाटत नाही?"

ती तडक बॉसकडे गेली, सगळं सांगून आली. मग प्रत्येक डिशमध्ये ब्लीच ओतलं.

"दियाच्या क्लिनिकचा फोन जाईलच," ती परीक्षितला म्हणाली, "पण अरुणाताईंना आधी तू सांगायचं. आत्ता. माझ्यासमोर."

परीक्षितनं फोन लावला, लॅबमधून बोलतोय म्हणाला. स्पीकरवर दियाच आली. "हॅलो! मम्मा ड्राइव्ह करते. मला सांग ना काका, माझा पेशी मोठा झाला?"

परीक्षितनं अक्षयाकडे बघितलं. ती हाताची घडी घालून उभी राहिली. तो मेला असता तरी ती मदत करणार नव्हती.

"दिया, माझी चूक झाली. तुझ्या पेशी गेल्या. आता... कातडी परत घ्यावी लागेल."

"मग दुसरी हात घे," दिया म्हणाली. "ह्याच्यावर ऑलरेडी मार्क आहे."