आत्याच्या जबड्याची फिल्म

घास चावताना आत्याचा जबडा कट्कन वाजायचा, म्हणून डॉक्टर भाच्याने तिला आपल्या एमआरआयच्या खोलीत आणलं. कुठेही सुई न टोचता, आतलं हाड सांध्यात कसं सरकतं ते त्याला मोजायचं होतं. पण हे मशीन हालचाल तुकड्यातुकड्याने टिपायचं. जबडा दर वेळी अगदी तसाच हलला, तरच ते तुकडे जुळून फिल्म व्हायची. एक ते दहा म्हणायला सांगितलं की भलेभले लोक चौथ्या फेरीला कंटाळायचे आणि फिल्मचा पार चिखल व्हायचा.

आत्याने तर आकडे म्हणायलाच साफ नकार दिला. "मी काय बालवाडीत आहे?"

"मग हवं ते बोल, पण दर वेळी तेच बोल," भाचा कावून म्हणाला.

आत्याने नणंदेच्या छत्रीचं सुरू केलं. नणंदेने नवीकोरी छत्री कशी नेली, ती परत कशी आलीच नाही आणि काका, म्हणजे आत्याचे यजमान, कसे गप्प बसले, हे अख्ख्या घराला पाठ होतं. शब्द तेच, दम घ्यायच्या जागाही त्याच. फिल्म आरशासारखी लख्ख आली.

भाच्याने ती काकांना दाखवली. ना आवाज, ना चेहरा. नुसतं हाड खोबणीत पुढेमागे सरकत होतं.

"काका, हे बघा, इथे अडतंय."

काकांनी पडद्यासमोर मान खाली घातली आणि सवयीने म्हणाले, "हो गं, मीच मागून आणायला हवी होती."