सुरुवातीचे चाळीस सेकंद

ठमीने पेनड्राइव्ह खोचला आणि फाइल उघडली. बातमीचा मथळा होता, फोटो होता, खालच्या तीन भांडखोर प्रतिक्रियाही जशाच्या तशा होत्या. व्हिडिओच्या जागी मात्र नुसता करडा चौकोन. तिने त्यावर दहा वेळा क्लिक केलं. चौकोन ढिम्म.

अकरा वाजून गेले होते. बातम्यांची ती वेबसाइट आज बारा वाजता कायमची बंद होणार होती, तशी सूचनाच पानाच्या डोक्यावर होती. आणि दोन वाजता दादाची चौकशी.

दादा बस चालवायचा. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या बसच्या मागच्या चाकाखाली एका बाईंचा पाय आला. दादा म्हणाला, बस सुटली होती, बाई दाराला हात लावून धावत होत्या, पडल्या. बसमधला कॅमेरा कित्येक महिने बंद. समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं, पण तिथलं चित्रण दर आठवड्याला आपोआप पुसलं जायचं. उरला तो त्यातूनच घेऊन बातमीच्या पानात लावलेला व्हिडिओ. त्यात बस चालतेय आणि बाई शेजारून धावताहेत, हे लख्ख दिसत होतं. तो दाखवला नाही तर दादाची नोकरी, परवाना, सगळं जाणार होतं. वहिनीने तीन आठवडे नीट जेवणही केलं नव्हतं.

म्हणून रविवारी ठमीने ते पान घरच्या संगणकावर साठवलं आणि सगळ्यांना व्हिडिओ लावून दाखवला. वहिनी रडली, दादाने ठमीच्या डोक्यावर टपली मारली आणि ठमी दिवसभर हवेत होती.

आता ती कवळ्या बनवायच्या कार्यशाळेत, आपल्या कामाच्या जागी, जमिनीवर आली. सभोवार फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, प्रत्येकाखाली पेशंटच्या नावाची चिठ्ठी. सगळे तिच्याकडे बघून दात विचकताहेत असं तिला वाटलं.

"मामा, जरा या ना इकडे."

मेणमामा मेणात दात कोरायचे. तीस वर्षं तेच काम, म्हणून ते नाव. त्यांच्या घरी नेट धड चालत नसे, त्यामुळे मालकीण मॅडम नसताना त्यांच्या संगणकावर दात कोरण्याचे परदेशी व्हिडिओ उतरवून घरी न्यायचे आणि रात्री बघत बसायचे. बायको म्हणायची, दुसरे लोक सिनेमे बघतात.

मामांनी चष्मा वर ढकलून पडदा पाहिला. "पोरी, तू पान साठवलंयस. व्हिडिओ नाही."

"घरी चालला होता, मामा! सगळ्यांनी पाहिला."

"घरी नेट चालू होतं. व्हिडिओ राहतो त्या वेबसाइटवाल्यांच्या दुसऱ्याच संगणकावर, पानात त्याची नुसती खिडकी असते. तू खिडकी उचलून आणलीस, बाहेरचं अंगण तिथंच राहिलं. या संगणकाला नेट नाही, म्हणून कळलं तरी. नाहीतर चौकशीच्या खोलीत कळलं असतं."

नेट फक्त मॅडमच्या केबिनमध्ये होतं आणि मॅडमच्या खुर्चीत बसायची मामांखेरीज कुणाची छाती नव्हती. मॅडम एका दवाखान्यात मापं आणायला गेल्या होत्या. मामांनी मेणाचे हात ॲप्रनला पुसले आणि सरळ जाऊन बसले.

अकरा चाळीस. मामांनी चौकटीवर उजवं बटण दाबून व्हिडिओचा मूळ पत्ता घेतला आणि आपल्या नेहमीच्या उतरवायच्या प्रोग्रॅममध्ये टाकला. "यांनी हा मधूनच सुरू केलाय बघ. पानावर चाळिसाव्या सेकंदापासून लागतो. आपण अख्खा घेऊ."

"काहीही घ्या, पण घ्या लवकर!"

हिरवी पट्टी गोगलगायीच्या गतीने सरकत होती. बासष्ट टक्क्यांवर ती अडली. जिन्यावर पावलं वाजली. मॅडम? नाही, प्लास्टरची पोती आली होती. अकरा त्रेपन्नला शंभर झाले. मामांनी नेटची वायर उपटून हातात धरली. "आता लाव. आता चालला तर खरा."

व्हिडिओ चालला. पण सुरुवातीपासून.

बस थांब्यावर उभी. दार उघडं. बाई चढताहेत, एक पाय पायरीवर. दार मिटलं. बाई मागे ढकलल्या गेल्या, पण पिशवीचा पट्टा दारात अडकला. बस हलली. बाई दारावर हात आपटायला लागल्या. ब्रेकचे मागचे तांबडे दिवे लागले. बस थांबली.

एक. दोन. तीन.

दिवे विझले आणि बस निघाली. मग ते सुरू झालं जे घरी सगळ्यांनी पाहिलं होतं. बाई धावत नव्हत्या. ओढल्या जात होत्या.

मामांनी फाइल संगणकावरून पेनड्राइव्हवर हलवली, वायर परत लावली आणि आपल्या मेणाकडे निघून गेले. बारा वाजून दोन मिनिटांनी ठमीने ते पान पुन्हा उघडलं. पान नव्हतंच. जगात आता तो व्हिडिओ फक्त याच खोलीत होता. मघाशी तो हातून जाईल म्हणून ती घाबरली होती. आता तो हातात आहे याची भीती वाटत होती, आणि ही भीती जास्त होती.

साडेबाराला दादा आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

"मिळाला ना, ठमे?"

"अख्खा मिळाला."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने केबिनचं दार आतून लोटलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा ठमीला आपल्या भावाची भीती वाटली.

"ब्रेक का दाबलास, दादा?"

तो म्हणाला, "आवाज आला. आरशात नीट दिसेना. आधीच उशीर झाला होता... वाटलं, सुटेल." मग खालच्या आवाजात, "ते पान बंद झालं ना? म्हणजे आता तुझ्याचकडे आहे. पूस ते. तुझ्या वहिनीचा तरी विचार कर."

ठमी खुर्चीतून उठली. "मी नाही पुसणार. तू पूस. पण आधी बघ."

तो बसला. तिने व्हिडिओ लावला. तांबडे दिवे लागले तेव्हा त्याचा उजवा पाय टेबलाखाली दाबला गेला, तिने स्वतः पाहिलं. दिवे विझले तरी त्याने पाय उचलला नाही.

त्याने पुसायला घेतलं तसा पडद्यावर प्रश्न आला, फाइल कायमची काढून टाकायची का. दादाचं बोट बटणावर होतं.

"ठमे," तो म्हणाला, "त्या बाईंचा पाय... राहिला का गं?"

तीन आठवडे घरात परवाना, वकील, वहिनीची झोप, सगळ्याची चौकशी झाली होती. हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "दोन वाजता त्या तिथं येणार आहेत."

दादाने बोट उचललं. पेनड्राइव्ह काढून त्याने तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "तू धर. माझ्याकडे नको ठेवूस."