घंगाळ धरलेली बाई

“मग आजोबांच्या बाजूनं कापा,” ओर्सोला म्हणाली आणि तिनं खडूची रेघ थेट चित्रातल्या, सरकारांच्या आजोबांच्या पाठीवरून ओढली.

दिवाणजी गास्पारेंनी कपाळाला हात लावला. “डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? आजोबा आहेत ते.”

“आणि ही माझी आई आहे.”

इटलीतल्या बोलोन्याच्या बड्या घरांत चित्रं भिंतभर जोडीजोडीनं लावतात. दाराच्या डावीकडे जेवढं, तेवढंच उजवीकडे. एखादं रुंद निघालं तर ते कापतात, कारण चौकटीला सोन्याचा वर्ख असतो आणि चित्राला नसतो. या महालातली सगळी कापाकापी, जोडाजोडी आजवर ओर्सोलानंच केली होती. आज पाळी येशूच्या आईच्या, मारीयेच्या, जन्माच्या चित्रावर आली होती. त्यात डाव्या कडेला पैसे मोजून हे चित्र काढून घेतलेले आजोबा गुडघे टेकून होते आणि उजव्या कडेला बाळाच्या अंघोळीचं घंगाळ धरून एक मोलकरीण उभी होती. ती मेंगा. ती याच महालाचे जिने घासायची. चित्रकाराला दणकट हातांची बाई हवी होती, म्हणून त्यानं तिला वर बोलावून घेतलं होतं. मेंगा वारली तेव्हा ओर्सोला धड चालतही नव्हती. आईचं तोंड तिनं पाहिलं ते या चित्रातच.

आवाज ऐकून महालाचे मालक मार्कीज स्वतः आले. भांडण कशावरून आहे हे कळल्यावर त्यांना हसू आलं.

“अगं, मोलकरणीकडे बघतं कोण?”

“मी बघते, सरकार. रोज बघते.”

“पाहुणे जेवून इकडेच येणार आहेत. काप मुकाट्यानं.”

ओर्सोलानं दिवाणजींपुढची कात्री उचलून मार्कीजसमोर ठेवली. “तुम्ही कापा. माझ्या हातून व्हायचं नाही.”

मार्कीजना आयुष्यात स्वतःचं सफरचंदसुद्धा सोलावं लागलं नव्हतं. ते कात्रीकडे बघत राहिले. दिवाणजी एकाएकी खिडकीबाहेर काही तरी शोधू लागले.

“दुमड मग,” शेवटी मार्कीज म्हणाले. “पण हिचं तोंड मला दिसता कामा नये. आणि आजचे पाहुणे गेले की तुझंही.”

दोघं निघून गेल्यावर तिनं आईच्या चेहऱ्यावर मऊ कापड ठेवलं आणि कड मागे वळवून खिळे मारले. रंगाचा बारीक चुरा बोटांना लागला तेव्हा तिला रडू आलं. रडून झाल्यावर तिला संताप आला. मारलेले खिळे तिनं उपटून काढले, आईची बाजू जरा पुढे येईल असं चित्र थोडं डावीकडे सरकवलं आणि आजोबांच्या बाजूचीही पट्टी मागे दुमडली. रुंदी चौकटीत अगदी बरोबर बसली.

पाहुणे आले. चित्रावर हिरवा रेशमी पडदा होता आणि तो ओढायचं काम नेहमीप्रमाणे ओर्सोलाकडेच होतं. तिनं दोरी ओढली.

आजोबांची पाठ आणि तलवार गेली होती. ते भिंतीतून अर्धेच बाहेर आल्यासारखे दिसत होते. उजवीकडे मात्र दोन दणकट, लालसर हात घंगाळ धरून होते. त्या हातांना धड नव्हतं.

एक म्हातारी काउंटेस काठी टेकत पुढे आली. “हात मोठे सुरेख आहेत. कोणाचे म्हणायचे?”

मार्कीजचा चेहरा उतरला. दिवाणजी जमिनीकडे बघू लागले.

“मेंगाचे,” ओर्सोला म्हणाली. “माझ्या आईचे. बाकीची ती मागे आहे, भिंतीकडे तोंड करून.”

काउंटेस आणखी एक पाऊल पुढे आली आणि ते हात निरखून बघू लागली.

“पडदा,” मार्कीज दातओठ खात म्हणाले.

ओर्सोलानं दोरीचा मनगटाभोवती एक वेढा घेतला आणि ती चित्राशेजारी उभी राहिली.

“बाईसाहेबांचं बघून होऊ दे, सरकार,” ती म्हणाली.