मी आणलेला खोटा नातू

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा फोन आहे. कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतं ते कुंभारी गावातलं घर. गुरम्माआजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी तिच्या चंचीत असायचो. पुण्याला नोकरी करणारा तिचा नातू गुरुशांत दर रविवारी फोन करायचा. आजी-नातवाचं बोलणं नेहमी कानडीतच. बोलणं संपलं की ती मला पदराने पुसायची. "लई गुणाचा हाय ह्यो," असं शेजारणींना सांगायची. मीही फुगून जायचो.

एका दुपारी अनोळखी नंबर आला. "आजी, ओळखलंस का मला?" एवढंच तो रडक्या आवाजात म्हणाला.

"कोण, गुरुशांत का रं?"

झालं! नाव त्याला आयतंच मिळालं. गाडीने एकाला उडवलंय, पोलिसांनी धरलंय, आत्ताच पैसे पाठव, बाबांना कळू देऊ नकोस, असं तो मराठीत सांगत सुटला. आजीला वाटलं, समोर साहेब बसलेत म्हणून पोर कानडीत बोलत नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण फोनला स्वतःचा आवाज कुठे असतो? मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जमवलेले सगळे पैसे तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून पाठवून दिले.

संध्याकाळी खऱ्या गुरुशांतचा फोन आला. तो सुखरूप होता. मग आजीचा मुलगा संगमेश तिच्यावर कडाडला, "एवडं कळत न्हाय व्हय तुला? आता कुणाला सांगू नगंस, गल्लीत हसं हुईल!"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. लुटलं त्या भामट्याने आणि मान खाली घालायची हिने? नातवावर जीव आहे, हा काय गुन्हा झाला? त्या दिवसापासून आजी कुणाशी धड बोलेना. मलाही तिने चंचीतून काढून सुपाच्या कडेला टाकलं.

दोन आठवड्यांनी शेजारच्या मकदूमचाचांचा फोन वाजला. चाचांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचा फोन साऱ्या गल्लीला ऐकू येतो. पलीकडून रडका आवाज आला, "दादा, पहचाने क्या?"

"कौन, हारून?" चाचांनी नातवाचं नाव घेतलं.

आजीचे हात थांबले. क्षणभर तिने संगमेशच्या खोलीकडे पाहिलं. मग सूप बाजूला लोटून, तंबाखू सांडत ती चाचांच्या दारात गेली.

"चाचा, ठेवा त्यो फोन! मला बी असंच लुटलंय! डोळ्याच्या आपरेशनचं समदं पैसं गेलं माजं! हारूनला त्याच्या नंबरावर लावा की!"

चाचांनी लावला. हारून टेंभुर्णीला ढाब्यावर जेवत होता. चाचा उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगा. आवाज कितीही रडका असो, आपण होऊन नाव घ्यायचं नाही. फोन ठेवायचा आणि घरच्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावायचा. आणि कुणी फसलंच, तर त्यांना गप्प बसवू नका.

त्या दिवशी गल्लीत कुणीही हसलं नाही. उलट शेजारची गौसची आई पुढे आली, तिच्यामागून पलीकडच्या घरातला हरिबा आला. त्यांनाही असंच लुटलं होतं, आजीच्याही आधी. घरच्यांनी त्यांनाही सांगितलं होतं, कुणाला बोलू नका. आता तुम्हीच सांगा, त्यांना बोलू दिलं असतं, तर माझ्या आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं नसतं का?