थांबून वाजणारी तबकडी

उत्रोलीचा मानसिंग लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होता. यंदा मात्र लोक डीजे सांगू लागले आणि बँडला जेमतेम तीन सुपाऱ्या आल्या. तो जरा खट्टूच होता.

अशात कापूरहोळहून कुंडलिकचा फोन आला. कुंडलिकचं तिथं भोंगे, मिक्सर दुरुस्तीचं दुकान.

"दादा, भंगारात आलेला ग्रामोफोन चालू केलाय. एकच तबकडी शाबूत हाय, पण लई न्यारी. या ऐकायला."

मानसिंग गेला. सुई टेकली, आधी नुसती खरखर, मग चार-पाच व्हायोलिनं एकदम उठली. खाली पेटीसारखं काहीतरी धापा टाकत होतं. आणि मध्येच सगळं गप्प! एक क्षण काहीच नाही, मग पुन्हा तोच ठेका.

कुंडलिकच्या मुलीनं, वैष्णवीनं, लेबलचा फोटो मोबाईलवर शोधला. "काका, हे अर्जेंटिनाचं हाय. ऐंशी वर्षं जुनं. टँगो म्हणत्यात. गाणं न्हाई, नुसतं नाचायचं वाजप."

"परत लाव," मानसिंग म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्यानं ती अकरा वेळा लावायला लावली. घरी येईस्तोवर सगळी चाल बोटांत बसली होती. आठ दिवसांत बँडलाही बसवली.

वेल्ह्याला एका लग्नात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मिरवणूक होती. बाजारपेठेत मानसिंगनं ती चाल धरली. पोरांनी हात वर केले, उड्या मारल्या, आणि बँड थांबला. पोरं एकमेकांवर आदळली.

"बंद पडलं का काय?" नवरदेवाचा भाऊ सोमनाथ ओरडला. "दुसरं वाजवा!"

मानसिंगचा चेहरा पडला. क्लॅरिनेट खाली घेणार, तोच नवरदेवाची आत्या बनाबाई पुढं आली. तोरण्याच्या अंगाला मेंढरं राखण्यात तिचा जन्म गेला होता.

"वाजवा वो तुमी! आरं पोरांनो, मेंढरं बगितली न्हाईत का? चालत्यात, मान वर करून थांबत्यात, पुन्ना चालत्यात. तसं नाचा."

तिनं पदर खोचला नि चालून दाखवलं. चालीतल्या थांब्यावर मान अशी ताठ केली, की बाया टाळ्या पिटायला लागल्या. मग सोमनाथ शिरला, करवल्या शिरल्या, घोड्यावरून नवरदेवही उतरला. बँड थांबला की अख्खी बाजारपेठ मान वर करून थांबायची, आणि हसू दाबत पुन्हा निघायची. एसटी अडली तर कंडक्टरही दारातून ठेका धरून!

मुहूर्त जवळ आला तसे भटजी चिडून बोलवायला आले. "अहो, चला लवकर, वेळ..."

नेमका तेव्हाच थांबा आला. भटजींचा एक पाय हवेतच राहिला.

मानसिंगला हसू आवरेना, त्यामुळे क्लॅरिनेटमध्ये फुंकच जाईना. पुढची ओळ ढोलवाल्यांनी एकट्यांनीच निभावून नेली.